ताण वाढला की औषध वाढते?

पाण्याची ओढ बसलेल्या वनस्पतीत औषधी द्रव्ये जास्त असतात, हे विधान शेतीविषयक लेखांत आणि वर्गातही सहज केले जाते. त्यामागे एक दमदार मांडणी आहे. जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठातले डिर्क झेल्मार व माइक क्लाइनवेख्टर यांनी २०१३ साली एका आढावा-लेखात ती सविस्तर केली. ती समजून घेण्यासारखी आहे आणि तपासून पाहण्यासारखीही.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. पाणी कमी पडले की पर्णरंध्रे मिटतात. पानात कार्बन डायऑक्साइड कमी शिरतो, पण ऊन तर पडतच राहते. प्रकाशातून मिळालेली शक्ती एनएडीपीएच या रेणूत साठते. ती खर्च करायला कार्बन डायऑक्साइड पुरत नाही. मग ही शिल्लक टर्पीन, फिनॉल, अल्कलॉइड अशी द्रव्ये बनवण्याकडे वळते, कारण ती बनवायला एनएडीपीएच भरपूर लागते.

या मांडणीचे बळ असे, की तिची परीक्षा घेता येते. हे खरे असेल, तर हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर ताणाचा परिणाम कमी व्हायला हवा. झेल्मार यांच्याच गटाने २०१० साली सेज या तुळशीच्या कुळातल्या वनस्पतीवर हे पाहिले. पाण्याच्या ताणाने पानांतील मोनोटर्पीन वाढले आणि जादा कार्बन डायऑक्साइडने ती वाढ भरून निघाली. अंदाज बांधून तो असा पडताळणे, हे चांगल्या विज्ञानाचे लक्षण आहे.

तरीही तीन प्रश्न उरतात.

पहिला हिशेबाचा. समजा, नीट पाणी मिळालेल्या रोपांची वाळलेली पाने १०० ग्रॅम भरली आणि त्यांत द्रव्य १ टक्का आहे; म्हणजे १ ग्रॅम. ताण दिलेल्या रोपांची पाने ६० ग्रॅमच भरली, द्रव्य मात्र १.५ टक्के, म्हणजे ०.९ ग्रॅम. टक्केवारी दीडपट झाली, पण द्रव्य घटले! वनस्पतीने जास्त काही बनवले नाही, ती फक्त खुरटली. झेल्मार व क्लाइनवेख्टर यांनी हा फरक स्पष्ट केला आहे. त्यांचा निष्कर्ष उचलणारे मात्र तो वाटेत गाळतात. शेतकऱ्याला पाणी तोडण्याचा सल्ला द्यायचा, तर टक्केवारीबरोबर एकूण उत्पन्नही सांगायला नको का?

दुसरा प्रश्न कारणाचा. जादा शक्ती बाहेर टाकण्याचे इतरही मार्ग पानाकडे असतात: काही शक्ती उष्णता म्हणून जाते, काही प्रकाशश्वसनात खर्च होते. औषधी द्रव्यांच्या वाट्याला त्यातले किती येते, याचा ताळेबंद मांडल्याशिवाय हे स्पष्टीकरण पुरे होत नाही. शिवाय एका वनस्पतीत टर्पीन आणि दुसरीत अल्कलॉइडच का वाढावे, हे शिल्लक शक्ती सांगू शकत नाही. तिथे जनुके व जॅस्मोनेटसारखी संप्रेरके ठरवतात. शक्ती हे इंधन झाले. गाडी कुठे जाणार, ते इंधन ठरवत नाही.

तिसरा प्रश्न 'गुणकारी' या शब्दाचा. ही द्रव्ये वनस्पती आपल्यासाठी बनवत नाही. कीड, चरणारे प्राणी, प्रखर ऊन यांपासून बचावासाठी बनवते. सेजच्या मोनोटर्पीनमध्ये थुजोन असते. जास्त मात्रेत ते मज्जासंस्थेला घातक ठरते, म्हणून युरोपात काही पेयांतील त्याच्या प्रमाणावर मर्यादा आहे. जास्त म्हणजे चांगले, असे इथे म्हणता येईल का? औषधाला द्रव्य नुसते भरपूर असून भागत नाही. ते दरवेळी ठराविक प्रमाणात असावे लागते. एका पावसाळ्यात एक आणि पुढच्या दुष्काळात दुसरे प्रमाण, अशा पानांचा काढा किती घ्यावा, हे कोण सांगणार?

म्हणून ही मांडणी टाकून देऊ नये. ती मर्यादेसह शिकवावी. तुळशीची सारखी रोपे दोन गटांत वाढवून एका गटाला पाणी कमी द्या आणि शेवटी वाळलेल्या पानांचे वजन करा. टर्पीन मोजणे शाळेत जमणार नाही, पण एक गणित नक्की जमेल: कमी पाण्याच्या गटात टक्केवारी किती पट झाली, तर एकूण द्रव्य दुसऱ्या गटाइतके भरेल? आपल्याच रोपांच्या वजनावरून मुलांनी हा आकडा काढला, की पुढे 'इतके टक्के वाढ' असे वाचताना 'कशाच्या इतके टक्के?' हे ती आपण होऊन विचारतील.