अनुदानाचा अर्ज आणि वर्गातला प्रयोग

माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला गेल्या काही वर्षांत एक नवे काम आले आहे. ते म्हणजे अनुदानासाठी अर्ज लिहिणे. पूर्वी अनुदान हा मुख्याध्यापक, लिपिक आणि शिक्षणाधिकारी कार्यालय यांच्यातला मामला असे. पटसंख्या आणि खर्चाचा हिशेब सादर झाला, तपासणी झाली, की कमी-अधिक, उशिराने का होईना, रक्कम येई. आता योजना जाहीर होते, अर्ज संगणकावर भरायचा असतो आणि आपली शाळा निवडीस कशी पात्र आहे हे पटवून द्यायचे असते. शाळेला लागतो म्हणून मिळणारा पैसा वेगळा आणि शाळेची निवड झाली म्हणून मिळणारा पैसा वेगळा. हा बदल आपण फारसा न बोलता स्वीकारला आहे, म्हणून त्याची थोडी चिकित्सा करू.

उदाहरण अटल टिंकरिंग प्रयोगशाळेचे घेऊ. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ साली ही योजना आणली. निवडलेल्या शाळेला एकूण २० लाख रुपये, त्यांपैकी १० लाख उभारणीसाठी एकदाच आणि उरलेले १० लाख जास्तीत जास्त पाच वर्षे चालवण्याच्या खर्चासाठी. इलेक्ट्रॉनिक्स, यंत्रमानव, संवेदक, त्रिमिती मुद्रक, सुताराची नि फिटरची हत्यारे, मोजमापाची साधने असे सगळे त्यात येते. सहावी ते बारावीच्या मुलांनी स्वतःच्या हातांनी जोडावे, तोडावे, पुन्हा जोडावे ही मूळ कल्पना. कल्पना उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. देशात अशा सुमारे १०,००० प्रयोगशाळा झाल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५०,००० उभारण्याची घोषणा झाली.

आता पात्रतेच्या अटी वाचा. पहिल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शाळेकडे १,५०० चौरस फूट बांधीव जागा हवी. डोंगराळ भागासाठी ती १,००० चौरस फूट. शिवाय संगणक आणि इंटरनेट, खात्रीची वीज, ग्रंथालय, मैदान. आपल्याकडची साधारण वर्गखोली २० फूट बाय २५ फूट, म्हणजे ५०० चौरस फुटांची असते. तेव्हा अट अशी झाली की शाळेने तीन वर्गखोल्या रिकाम्या दाखवाव्यात. दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळेने त्या कुठून आणायच्या? ज्या शाळेत वीज दुपारी जाते आणि मुले व्हरांड्यात बसतात, ती या यादीच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाच बाद होते. योजना करणाऱ्यांची बाजूही समजू शकते. यंत्रे धूळ खात पडू नयेत म्हणून आधी सोयी तपासायच्या, हे तर्काला धरून आहे. पण याचा अर्थ असा की अर्ज शाळेला ‘तुमच्याकडे काय नाही?’ असे विचारत नाही, ‘तुमच्याकडे काय आहे?’ असे विचारतो. ज्याच्या घरी चूल पेटलेली आहे त्यालाच शिधा, असा हा प्रकार.

हीच दिशा इतरत्रही दिसते. २०२२ साली मंजूर झालेल्या पीएम श्री योजनेत साडेचौदा हजारांहून अधिक शाळांसाठी पाच वर्षांचा २७,३६० कोटी रुपयांचा आराखडा आहे, आणि निवडीची पद्धत ‘आव्हान’ ही आहे. शाळेने स्वतः अर्ज करायचा आणि एका तालुक्यातून फार तर दोन शाळा निवडल्या जायच्या. उरलेल्या शाळांतील मुलांनी नेमके काय हरले, हे मात्र कुठल्या निकषात लिहिलेले नसते.

निवड न झालेल्या सरकारी शाळेला उरते ते समग्र शिक्षा योजनेतील एकत्रित शाळा अनुदान. २०१८ च्या आराखड्यात ते पटसंख्येनुसार २५,००० ते १ लाख रुपये ठरले. अडीचशेहून अधिक आणि हजारापर्यंत मुले असतील तर ७५,००० रुपये. यातून वीजबिल, पाणी, इंटरनेट, खेळाचे साहित्य, मोडलेल्या वस्तूंची भरपाई आणि प्रयोगशाळासुद्धा. किमान १० टक्के स्वच्छतेवर. निरनिराळी शीर्षे एकत्र केल्याने मुख्याध्यापकांना मोकळीक मिळाली, हे खरे. पण ज्या वस्तूला स्वतःचे शीर्ष नसते ती वस्तू शेवटी घेतली जाते, हा कोणत्याही शाळेच्या जमाखर्चाचा अनुभव आहे. वीज मंडळ थांबत नाही. कॉपर सल्फेट थांबते.

महाराष्ट्रात तर माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार खासगी अनुदानित शाळांवर आहे आणि त्यांची भिस्त वेतनेतर अनुदानावर. ते काही वर्षे बंद राहिले आणि २०१३ साली पुन्हा सुरू झाले. त्यातच ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने या शाळांतील चतुर्थ श्रेणीची पदे रिकामी होतील तशी ती ठोक भत्त्यावर नेण्याचे ठरले. प्रयोगशाळा परिचर याच श्रेणीतला. परीक्षानळ्या धुणारा, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणारा, सूक्ष्मदर्शक तासाआधी मांडून ठेवणारा हा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना २० लाखांच्या यंत्रांची देखभाल कोण करणार हा प्रश्न लगेच सुचेल. योजनेच्या कागदावर त्याला जागा नाही.

आणखी एक गोष्ट आतल्यांनाच ठाऊक असते. अनुदानातून आलेली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. ती मोडली तर निर्लेखनाचा प्रस्ताव, समिती, सह्या. म्हणून शहाणे शिक्षक ती कपाटात ठेवतात आणि तपासणीच्या दिवशी काढतात. मुलांनी मोडतोड करावी म्हणून दिलेले साहित्य मोडू नये म्हणून कुलपात जाते. याला शिक्षकाचा आळस म्हणणे अन्यायाचे होईल. हिशेबाची पद्धतच त्याला हे शिकवते.

याउलट उदाहरण जवळचेच आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे आपल्या सहावी ते आठवीत, सुरू झाला आणि पुढे शेकडो शाळांत पोचला. तिथला संच स्वस्त वस्तूंचा होता. पण त्याच्यामागे शिक्षकांचे प्रशिक्षण होते, दर महिन्याच्या बैठका होत्या आणि शाळेत येऊन अडचणी ऐकणारी माणसे होती. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला, तरी तीस वर्षे सामान्य सरकारी शाळांतली मुले हातांनी प्रयोग करत होती. संच तिथे दुय्यम होता.

मग अर्ज करूच नये का? करावा. पैसा आहे तर तो आपल्या मुलांपर्यंत आणणे हे आपले कामच आहे. फक्त अर्ज यंत्रांच्या यादीपासून सुरू करू नये. नववीचा ओहमचा नियम घ्या. वर्गात ६० मुले, सहा-सहांचे दहा गट. दहा व्होल्टमीटर, दहा अॅमीटर, नायक्रोमची तार, कळा आणि दर वर्षी नवे शुष्क घट हवेत. आज कपाटात चालू स्थितीत किती आहेत ते मोजा आणि तोच आकडा अर्जात पहिल्या परिच्छेदात लिहा. ‘वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवणे’ हे प्रत्येक अर्जात असते. तो वाचणाऱ्याला दहा गटांपैकी आठ गटांकडे मीटर नाही, हे वाक्य अधिक सांगते. दर वर्षीच्या उपभोग्य वस्तूंचा खर्च वेगळा दाखवा आणि मोडतोडीसाठी काही टक्के रक्कम आधीच मागा. नंतर मागता येत नाही.

आणि विनियोग प्रमाणपत्राबरोबर, कोणी मागितले नसले तरी, एक कागद जोडून पाहावा. त्यावर तारीख, प्रयोगाचे नाव, किती गटांनी स्वतः केला आणि काय मोडले एवढेच असावे. हा कागद वाचणारा अधिकारी वरच्या कार्यालयात आहे की नाही, हे पहिल्या वर्षीच कळेल.