मांसाहारी पेशंट

२०२५च्या ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर युद्ध पेटलं होतं. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली-एनसीआरमधली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं. २२ तारखेला दुसऱ्या खंडपीठानं तो आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री पुन्हा त्याच भागात सोडा, फक्त रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री सोडू नका. आदेश दिल्लीचा, भांडण पुण्यात. एक बाजू ‘आमच्या मुलांचं काय?’ विचारत होती, दुसरी ‘मुक्या जिवांचं काय?’ मी दोन्हीकडचे मेसेज वाचून गप्प बसलो. आणि त्याच आठवड्यात शौनक सेनचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ (२०२२) पुन्हा लावला.

सनडान्स आणि कानमध्ये पुरस्कार, मग ऑस्करचं नामांकन, एवढं बहुतेकांना माहीत असतं. दिल्लीतल्या वझिराबादमध्ये राहणारे नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे दोन भाऊ जखमी घारींवर उपचार करतात, ही त्याची गोष्ट. पोटापाण्याचा धंदा साबणाच्या डिस्पेन्सरचा. त्याच तळघरात खोक्यांमधून घारी बसलेल्या. पतंगाच्या मांजानं पंख कापलेल्या, किंवा विषारी हवेतून खाली कोसळलेल्या.

हे सगळं सुरू कसं झालं, तेच मला सिनेमातलं सगळ्यात बोचरं वाटतं. लहानपणी त्यांना एक जखमी घार सापडली. पक्ष्यांच्या दवाखान्यात नेली, तर घेतली नाही. कारण? घार मांसाहारी. म्हणजे दया होती, दवाखानाही होता, फक्त पेशंट नियमात बसत नव्हता. पुढे पोरांना बॉडीबिल्डिंगमधून जेवढं स्नायू-शिरांचं ज्ञान झालं होतं, त्यावर त्यांनी सुरुवात केली.

प्राण्यांच्या हक्कांबद्दलचे बहुतेक व्हिडिओ मोठे डोळे, करुण व्हायोलिन आणि शेवटी डोनेशनची लिंक, या साच्यात बसतात. इथं तसं होत नाही. घार गोंडस दिसावी असा प्रयत्नच नाही. उलट एक घार सालिक या त्यांच्या साथीदाराचा चष्माच पळवते. सेवा म्हणजे काय, तर मांसाचा खिमा करायचं मशीन बंद पडणं, परदेशी देणगीच्या परवान्याचा अर्ज फेटाळला जाणं, आणि थकलेल्या भावांचं एकमेकांवर चिडणं. बाहेर २०२०ची दिल्ली, नागरिकत्व कायद्याविरुद्धची आंदोलनं, मग दंगल. सिनेमा त्यावर भाषण देत नाही. पण ‘कोण इथलं आणि कोण नाही’ हा प्रश्न फक्त पक्ष्यांपुरता राहत नाही, हे प्रेक्षकाला कळतं.

माझी तक्रारही आहे. इंजिनिअर म्हणून मला रूट कॉज हवा असतो. एका टेबलावर एक घार शिवून होईपर्यंत आकाशात किती मांजा ताणलेला असतो? नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून राष्ट्रीय हरित लवादाची देशभर बंदी आहे, तरी दर संक्रांतीला पक्षी आणि दुचाकीस्वार दोघांचेही गळे कापले जातात. सिनेमा मांजा विकणाऱ्याकडे जात नाही, सरकारलाही काही विचारत नाही. कॅमेरा संथपणे डबक्यांवरून, कचऱ्याच्या डोंगरावरून फिरतो, आणि ते इतकं सुंदर दिसतं की राग यायच्या जागी आपण हरखून बघत राहतो. शहरात प्राण्यांची बाजू मांडायची तर हे पुरेसं नाही. नसबंदीचं बजेट, कचऱ्याची गाडी, बंदीची अंमलबजावणी, या कंटाळवाण्या गोष्टी कुणीतरी मागायलाच हव्यात.

तरीही तो मला ग्रुपवरच्या दोन्ही पक्षांपेक्षा प्रामाणिक वाटतो. ‘मला आवडतो म्हणून वाचवा’ आणि ‘मला त्रास होतो म्हणून हटवा’, दोन्हीकडे मोजपट्टी ‘मी’ आहे. मांसाहारी पेशंटला नाकारणारा दवाखाना आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात असतो. या भावांनी केलं एवढंच, की दारावरची अट काढून टाकली.

सिनेमाची सुरुवात घारीनं होत नाही. रात्रीच्या मैदानात उंदरांची झुंबड उडालेली असते, आणि कॅमेरा त्यांच्या उंचीवरून, बराच वेळ, न किळसता बघत राहतो. पहिल्यांदा मी तो भाग पुढे ढकलला होता. या वेळी पूर्ण पाहिला. कुत्र्यांबद्दल माझं मत आता ठरलंय, ग्रुपवर लिहीनही. उंदरांपाशी मात्र मी अजून अडतो.