वास्तववाद, अमेरिकन कथासाहित्यातील

अमेरिकन यादवी युद्धानंतरच्या (१८६१–६५) सुमारे साडेतीन दशकांत अमेरिकन कथा-कादंबरीत प्रभावी ठरलेली वाङ्‌मयीन प्रवृत्ती. सामान्य माणसांचे दैनंदिन जीवन, त्यांची बोली आणि त्यांच्यापुढील नैतिक पेच यांचे अतिरंजित नसलेले चित्रण हे तिचे प्रमुख वैशिष्ट्य होय. नथॅनिएल हॉथॉर्न (१८०४–६४) याने द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स (१८५१) या आपल्या कृतीला प्रस्तावनेत ‘रोमान्स’ म्हणून कादंबरीकारापेक्षा अधिक मोकळीक मागितली होती. वास्तववाद्यांनी ही मोकळीक नाकारली.

युद्धातील मनुष्यहानी, १८६९ मध्ये पूर्ण झालेला खंडपार लोहमार्ग, वाढती औद्योगिक नगरे आणि मासिकांचा वाचकवर्ग यांमुळे या प्रवृत्तीस अनुकूल भूमी मिळाली. तिची चाहूल मात्र आधीच लागली होती : रिबेका हार्डिंग डेव्हिस (१८३१–१९१०) हिची ‘लाइफ इन द आयर्न मिल्स’ ही लोखंडाच्या कारखान्यातील कामगारांवरील कथा १८६१ मध्येच अटलांटिक मंथली या मासिकात आली. ब्रेट हार्ट, सेरा ऑर्न ज्यूएट इत्यादींच्या प्रादेशिक कथांनी स्थानिक चालीरीती व बोली साहित्यात आणल्या.

विल्यम डीन हॉवेल्स (१८३७–१९२०) हा या प्रवृत्तीचा प्रमुख पुरस्कर्ता. त्याच्या द राइज ऑफ सायलस लॅफम (१८८५) या कादंबरीत रंगाचा कारखानदार सायलस अप्रामाणिक व्यवहार नाकारून संपत्ती गमावतो. त्याचा नैतिक उत्कर्ष आर्थिक ऱ्हासातून घडतो. मार्क ट्वेनने (१८३५–१९१०) ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबरी फिन (अमेरिकन आवृत्ती १८८५) मध्ये सर्व निवेदन एका अर्धशिक्षित मुलाच्या बोलीत केले. पळून आलेल्या जिम या गुलामाचा ठावठिकाणा कळविणारे पत्र फाडताना हक स्वतःला पापी समजतो. समाजाने शिकविलेली नीती आणि अनुभवाने दिलेली नीती यांतील अंतर येथे निवेदकाला न उमगताच वाचकाला उमगते. हेन्री जेम्सने (१८४३–१९१६) द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी (१८८१) मध्ये नायिकेच्या एका रात्रीच्या चिंतनालाच कथानकातील मोठ्या घटनेचे महत्त्व देऊन वास्तवाची कक्षा मनोव्यापारांपर्यंत नेली.

तथापि सत्यचित्रणाचा आग्रह धरणाऱ्या या वास्तववादाला स्वतःच्या मर्यादा होत्या. अमेरिकन कादंबरीकाराने जीवनाच्या प्रसन्न बाजूकडे अधिक लक्ष देणे स्वाभाविक आहे, असे मत हॉवेल्सने १८८६ मध्ये मांडले. त्याच वर्षी शिकागोत हेमार्केट येथे बाँबस्फोट झाला. बाँब कोणी टाकला हे सिद्ध न होताच आठ जणांना दोषी ठरविण्यात आले व त्यांपैकी चौघांना १८८७ मध्ये फाशी दिली गेली. हॉवेल्सने त्यांच्यासाठी जाहीरपणे दयेची मागणी केली. अ हॅझर्ड ऑफ न्यू फॉर्च्यून्स (१८९०) या नंतरच्या कादंबरीत न्यूयॉर्कमधील ट्रामगाड्यांच्या संपात निरपराध तरुण बळी पडतो. सिद्धांतापेक्षा अनुभवाला मान देण्याचे हे उदाहरण होय. मात्र चार्ल्स चेस्नट (१८५८–१९३२) या कृष्णवर्णीय लेखकाच्या कथांची प्रशंसा करणाऱ्या याच हॉवेल्सला त्याची द मॅरो ऑफ ट्रॅडिशन (१९०१) ही कादंबरी कडवट वाटली. नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन येथे १८९८ मध्ये कृष्णवर्णीयांवर झालेल्या हिंसाचारावर ती आधारित आहे. तिचा कडवटपणा मूळ घटनेतलाच होता.

स्टीव्हन क्रेन, फ्रँक नॉरिस व थिओडोर ड्रायझर यांनी पुढे परिस्थिती आणि आनुवंशिकता यांच्यापुढे हतबल झालेला माणूस रंगविला व वास्तववादातून निसर्गवाद उदयास आला. त्यात नैतिक निवडीचे महत्त्व उणावले. सामान्य माणूसही अशी निवड करू शकतो, ही श्रद्धा हे अमेरिकन वास्तववादाचे खरे बळ होय. आणि ‘सामान्य माणूस’ म्हणून कोणाला गणावे, या प्रश्नाशी त्याची मर्यादा निगडित आहे.