‘हिंदी मीडियम’ आणि राखीव जागेचा प्रश्न

साकेत चौधरी दिग्दर्शित ‘हिंदी मीडियम’ हा चित्रपट २०१७ साली प्रदर्शित झाला आणि इंग्रजीच्या मोहावरील मार्मिक विनोदिका म्हणून त्याचे कौतुक झाले. ते अस्थानी नाही. चांदणी चौकात कापडाच्या व्यापारावर गबर झालेला, पण सरकारी शाळेत हिंदीतून शिकलेला राज बत्रा आणि मुलीला उच्चभ्रू शाळेत घालण्याच्या ध्यासाने पछाडलेली त्याची पत्नी मीता यांच्या धडपडीतून नवश्रीमंतांचा न्यूनगंड अचूक टिपला गेला आहे. तथापि या कथेचा खरा विषय भाषा नसून प्रवेशातील न्याय हा आहे. आणि त्या विषयाशी चित्रपट अखेरपर्यंत प्रामाणिक राहत नाही.

कथेचे मूळ २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. या कायद्याच्या कलम १२ अन्वये विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील बालकांना द्यावयाच्या असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ही तरतूद, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांचा अपवाद करून, वैध ठरवली. राज आणि मीता खोट्या कागदपत्रांच्या आधारे याच जागेवर हक्क सांगतात आणि चौकशीच्या भयाने गरीब वस्तीत बिऱ्हाड थाटतात. तेथे शेजारी श्यामप्रकाश त्यांना सर्वस्वी आपले मानतो; त्यांना पैसा मिळावा म्हणून तो चालत्या मोटारीपुढे स्वतःला झोकून देतो. सोडतीत मात्र राजच्या मुलीचा क्रमांक लागतो आणि श्यामप्रकाशचा मोहन वगळला जातो.

येथपर्यंत पटकथेची बांधणी निर्दोष आहे. पुढे दोष दिसतो तो नैतिक दृष्टीच्या पक्षपातात. राजचे खोटे कागद हे पाप म्हणून ठसवले जातात. परंतु ज्या मुलाखतीत पालकांचा पोशाख, उच्चार आणि आचारविचार तपासले जातात, ती केवळ हास्याचा विषय ठरते. वस्तुतः त्याच कायद्याचे कलम १३ प्रवेशासाठी बालकाची अथवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई करते व तिच्या उल्लंघनास दंड सांगते. अर्थात शिशुवर्गाच्या सर्वसाधारण जागांना हे संरक्षण पोहोचत नाही, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला होता. श्रीमंतांची मुलाखत कायद्याच्या नेमक्या या फटीत उभी आहे. एखाद्या समर्थ उपहासकाराला याहून चांगली सामग्री कोणती हवी होती? पण चित्रपटाने तिच्याकडे पाहिलेच नाही. शाळेची निवडपद्धती त्याला हवामानासारखी वाटते. तिच्यापुढे माणसाने केवळ छत्री शोधावी.

या पक्षपाताचे फळ शेवटात दिसते. पश्चात्तापदग्ध राज मोहनच्या सरकारी शाळेला गुप्तपणे पैसा पुरवतो. फसवणूक उघड होताच श्यामप्रकाश संतापतो, पण शाळेचा कायापालट कोणामुळे झाला हे कळल्यावर त्याचा संताप ओसरतो. जे हक्काने मिळावयाचे होते त्याची भरपाई दानाने होते, आणि दान मिळताच फिर्याद मागे घेतली जाते. इरफानचा अभिनय इतका लोभस आहे की प्रेक्षकही ती मागे घेतो. राज भर सभेत कबुली देतो, मुलीला त्या शाळेतून काढून सरकारी शाळेत घालतो. तिच्या शेजारी मोहन बसतो. दृश्य हृद्य आहे. परंतु खासगी शाळेचा उंबरठा होता तसाच राहतो.

गरीब मुलाची जागा सुधारलेल्या सरकारी शाळेतच असावी, हा या शेवटाचा अनुच्चारित सिद्धान्त केवळ रुपेरी पडद्यापुरता नाही. महाराष्ट्र शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियमांत बदल करून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला राखीव जागांच्या बंधनातून सूट दिली. तिचे तर्कशास्त्र याच जातीचे होते: जवळ दुसरी शाळा आहे, मग याच शाळेचा आग्रह कशासाठी? मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला, कारण केंद्रीय कायद्याने दिलेला हक्क नियमाच्या आधारे काढून घेता येत नाही. तेथे पालक फिर्याद घेऊन उभे होते. चित्रपटातील श्यामप्रकाशला पटकथेने ती संधी दिलेली नाही.