थेलीसच्या वाक्यातून गळालेले दोन शब्द



पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स' हा विषय असतो आणि त्यात सुरुवातीला तत्त्वज्ञानाची ओळख करून देतात. आम्हा सायन्सवाल्यांना तो भाग परीक्षेपुरता वाटतो. माझ्या वहीत त्या तासाची एकच ओळ आहे : 'थेलीस हा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा जनक, सगळं पाण्यापासून झालंय असं त्याने सांगितलं.' परीक्षेत तीच लिहिली, मार्क मिळाले, विषय संपला.

पुढे थिसिसचा लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना मी अडकले आणि सहज म्हणून ही ओळ मुळात आली कुठून ते शोधायला गेले. ती आली अ‍ॅरिस्टॉटलच्या 'मेटाफिजिक्स'च्या पहिल्या भागातून. इंग्रजी भाषांतरात तो भाग एका रविवारी वाचून होतो. वाचल्यावर लक्षात आलं, की आपण ज्याला ग्रीक तत्त्वज्ञानाचा उगम म्हणून पाठ करतो, ते मुळात एक रिव्ह्यू चॅप्टर आहे! त्यात चांगल्या रिव्ह्यूचे गुण आहेत, तसेच आपण सगळे करतो ते दोषही आहेत. आज त्याच्याकडे त्याच नजरेने बघू.

रचना

अ‍ॅरिस्टॉटल आधी प्रश्न मांडतो : ज्ञान म्हणजे कारणं माहीत असणं, तर कारणं किती प्रकारची? त्याचं उत्तर, चार. घराचं उदाहरण घ्या. दगड-विटा हे उपादान कारण, आराखडा हे आकाराचं कारण, बांधणारा गवंडी हे निमित्त कारण आणि राहण्यासाठी म्हणून बांधलं हे प्रयोजन. मग तो आधीच्या सगळ्यांकडे वळतो : यातलं कोणतं कारण कोणाला दिसलं होतं? थेलीसपासून प्लेटोपर्यंत एकेकाला घेतो, कोण काय म्हणाला ते सांगतो, कुठे कमी पडला ते सांगतो आणि शेवटी निष्कर्ष काढतो. नुसती 'याने हे केलं, त्याने ते केलं' अशी यादी तो देत नाही. प्रश्न हातात धरून वाचतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या सिनॉप्सिसला इथेच मार बसतो, म्हणून एवढ्यासाठी तरी हा भाग वाचाच.

दोन शब्द

आता थेलीसबद्दल तो नेमकं काय म्हणतो ते बघा. एक, थेलीस हा 'अशा प्रकारच्या' तत्त्वज्ञानाचा प्रवर्तक. अशा म्हणजे कशा? सगळं कशापासून झालं, एवढंच विचारणाऱ्या, म्हणजे फक्त उपादान कारण शोधणाऱ्या. अख्ख्या तत्त्वज्ञानाचा जनक असं या वाक्यात नाही. दोन, थेलीसला पाणीच का सुचलं याची कारणं तो देतो : अन्नात ओलावा असतो, उष्णताही ओलाव्यातूनच येते असं दिसतं, बीज ओलसर असतं. पण ही कारणं देताना तो 'कदाचित' हा शब्द वापरतो. म्हणजे ती थेलीसची म्हणून नोंदलेली नाहीत, अ‍ॅरिस्टॉटलचा अंदाज आहे. लगेच पुढे तो असंही सांगतो, की काहींच्या मते समुद्राला सृष्टीचा जनक मानणाऱ्या प्राचीन कवींचं मतही हेच होतं, पण ते इतकं जुनं आहे का हे स्पष्ट नाही.

थेलीस इ.स.पू. 600च्या आसपासचा, मिलेटस गावचा. हे गाव आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर. अ‍ॅरिस्टॉटलचा जन्म इ.स.पू. 384चा. मध्ये दोनशेहून अधिक वर्षं. थेलीसच्या हातचं एकही पान आज आपल्याकडे नाही. अ‍ॅरिस्टॉटलला हे अंतर माहीत होतं, म्हणून त्याने ते दोन शब्द घातले. आपण नोट्स काढताना ते गाळले. 'अशा प्रकारच्या'चं 'संपूर्ण' झालं आणि 'कदाचित' तर उडूनच गेलं.

दोष

पण सगळा दोष नंतरच्यांच्या माथी मारून चालणार नाही. अ‍ॅरिस्टॉटलची स्वतःची मोठी चूक त्याच्या निष्कर्षात आहे. सगळ्यांचा आढावा घेऊन तो म्हणतो, की या चार कारणांपलीकडचं कारण कोणालाच सापडलेलं नाही, म्हणजे आमची विभागणी बरोबर आहे. अहो, पण आढावा घेतला तोच या चार कप्प्यांतून! चाळणी आपणच निवडायची आणि खाली पडलेले दाणे एकाच मापाचे निघाले, की जगात दुसरं धान्यच नाही म्हणायचं, असा हा प्रकार. डेटा आपल्या मॉडेलनेच गाळून घेतला आणि मग त्याच डेटावर मॉडेल तपासलं, तर आपला गाइड आपल्याला काय म्हणेल ते सांगायला नको.

या चाळणीत काय अडकलं त्याचं ठळक उदाहरण म्हणजे हेराक्लिटस. मूळ पदार्थांच्या यादीत त्याच्या नावापुढे एकच शब्द येतो, अग्नी. थेलीसचं पाणी, अ‍ॅनॅक्झिमेनीसची हवा, तसा याचा अग्नी. पण हेराक्लिटसची शंभराहून अधिक वचनं आज उपलब्ध आहेत. त्यांत 'लोगोस', म्हणजे सगळ्या बदलांमागची एक संगती, हा विचार केंद्रस्थानी आहे. अग्नीसुद्धा तिथे ठरावीक मापाने पेटतो आणि विझतो. हे सगळं 'कशापासून झालं' या कप्प्यात मावत नाही, म्हणून यादीत ते दिसत नाही. आणि शेवटच्या प्रकरणात तर अ‍ॅरिस्टॉटल सुरुवातीच्या तत्त्वज्ञानाला बोबडं म्हणतो. म्हणजे त्यांना म्हणायचं होतं तेच जे मी म्हणतोय, फक्त त्यांना नीट बोलता येत नव्हतं! हे वाक्य आपल्या रिव्ह्यूंमध्येही असतं, फक्त जरा सभ्य भाषेत : 'आधीच्या संशोधकांनी या दिशेने प्राथमिक प्रयत्न केले.'

ही टीका काही माझा शोध नाही. हॅरॉल्ड चर्निस यांनी 1935 साली याच विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचा निकाल फारच कडक आहे असं मानणारे अभ्यासकही आहेत आणि मला त्यांचं थोडं पटतं. कारण दुसरी बाजूही आहे. पृथ्वी अधांतरी स्थिर का, याचं अ‍ॅनॅक्झिमँडरचं उत्तर असं, की ती सगळ्या बाजूंपासून सारख्या अंतरावर आहे, मग एकाच बाजूला जायला कारणच काय? हा जबरदस्त युक्तिवाद आपल्यापर्यंत आला तो अ‍ॅरिस्टॉटलच्याच आकाशविषयक ग्रंथातून. तो आधी म्हणतो, की हे चतुर आहे पण खरं नाही. मग का नाही ते सांगतो. न पटलेलं मतही कारणांसकट नोंदवून ठेवायचं, हे त्याचं ऋण आहेच. पुढे सहाव्या शतकात सिम्प्लिशियसने पार्मेनिडीसच्या काव्याचे लांब उतारे उतरवून घेतले, कारण ते पुस्तक दुर्मीळ झालं होतं. मूळ ग्रंथ हरवले, उतारे राहिले.

आपल्यासाठी

आता माझी गोष्ट. माझ्या रिव्ह्यूच्या पहिल्या ड्राफ्टवर गाइडनी एका सायटेशनभोवती पेन्सिलने गोल करून विचारलं होतं, "हा मूळ पेपर वाचलायस का?" नव्हता वाचला. एका रिव्ह्यू पेपरमधून वाक्य उचललं होतं. मूळ पेपर काढला, तर त्यात 'या तापमानाच्या मर्यादेत' आणि 'असू शकतं' असे शब्द होते. माझ्या वाक्यात दोन्ही नव्हते. आणि माझ्या पुढच्या प्रयोगाची आखणी त्याच वाक्यावर उभी होती. वेळेत कळलं म्हणून सहा महिने वाचले.

तेव्हापासून मी रिव्ह्यू लिहिताना तीन गोष्टी करते. ज्या वाक्यावर आपलं काम उभं आहे, त्याचा मूळ पेपर उघडून 'कदाचित' शोधायचा. प्रत्येक जुन्या कामाबद्दल, त्यांचा स्वतःचा प्रश्न काय होता, हे एका ओळीत लिहायचं; आपला प्रश्न नव्हे. आणि आपल्या तक्त्यात न बसणारा निदान एक पेपर तक्त्याखाली तसाच नोंदवून ठेवायचा.

वहीतली ती ओळ मी आता दुरुस्त केली आहे. थोडी लांब झाली, आता परीक्षेत एका मार्काला परवडणार नाही. तुमच्या सिनॉप्सिसमधलं असं एखादं वाक्य सापडलं तर मलाही कळवा.