पैनगंगेकाठून पाहिलेला सुबोध केरकरांचा समुद्र

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेण्यासाठी २०२४ सालच्या डिसेंबरात आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे जुन्या गोव्याला गेली, तेव्हा आम्हीही त्यांच्यासोबत होतो. यवतमाळ जिल्ह्यातून निघालेल्या त्या बसमधील निम्म्याहून अधिक भाविकांनी त्यापूर्वी समुद्र पाहिलेला नव्हता. दर्शन आटोपून किनाऱ्यावर पोहोचल्यावर तरुण मंडळी लाटांकडे धावली. पण सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी नदीला करावा तसा समुद्राला हात जोडून नमस्कार केला, ओंजळभर पाणी ओठांना लावले आणि तोंड वेडेवाकडे करून आम्हांला विचारले, ''लय खारं हाये वो फादर! एवढं पानी, पन हे कोनाच्या कामाचं?'' त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु दुसऱ्या दिवशी पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीतील 'म्युझियम ऑफ गोवा' पाहताना तो प्रश्न आमच्या मागेमागे फिरत राहिला, आणि या लेखाचे निमित्तही तोच आहे.

हे संग्रहालय चित्रकार सुबोध केरकर यांनी २०१५ साली उभारले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतून 'मोग' हा शब्द तयार होतो. कोंकणीत मोग म्हणजे प्रेम. केरकर यांचा जन्म १९५९ सालचा. वडील चंद्रकांत केरकर चित्रकार होते व चित्रकलेचे पहिले धडे मुलाने त्यांच्याकडेच गिरवले. पुढे सुबोध केरकर डॉक्टर झाले, त्यांनी काही वर्षे वैद्यकीय व्यवसायही केला, आणि मग तो सोडून ते पूर्णवेळ चित्रकलेकडे वळले. समुद्राला ते आपला गुरू मानतात. असे अनेक कलावंत म्हणतात. म्हणून आम्ही सुरुवातीला या विधानाकडे थोडे संशयानेच पाहिले. गुरू मानायचे आणि त्याच्याकडून काहीच शिकायचे नाही, हे कलेतही घडते आणि धर्मातही.

केरकरांच्या आरंभीच्या काळात जलरंग आहेत. जलरंगावर त्यांचा हात किती सहज चालतो, हे ती चित्रे पाहताना पटते. मात्र माड, होड्या, कौलारू घरे आणि उन्हाचे कवडसे या सामग्रीत एक धोका असतो. हे सारे मुळातच इतके रमणीय असते की चित्रकाराने त्यात स्वतःची भर घातली नाही तरी चालते, आणि सुट्टीवर आलेला प्रवासी ते आनंदाने घरी नेतो. अशा चित्रातला समुद्र खिडकीबाहेरचा असतो. तो घर ओले करीत नाही. केरकरांना ही मर्यादा जाणवली असावी असे आम्हांस वाटते, कारण ते कागदावरून उठले आणि सरळ वाळूत उतरले. शिंपले, दगड, वाळू, नारळ, मोडक्या होड्यांचे लाकूड यांतून त्यांनी किनाऱ्यावरच रचना मांडायला सुरुवात केली. भरती आली की रचना जाते. मागे उरते ते छायाचित्र.

पाश्चात्त्य कलेत या प्रकाराला भूमिकला म्हणतात. अमेरिकेतील रॉबर्ट स्मिथसन यांनी १९७० साली युटा राज्यातील खाऱ्या सरोवरात दगडमातीचा एक प्रचंड सर्पिल बांध घातला; तो काही वर्षांतच पाण्याखाली गेला आणि दुष्काळात पाणी ओसरल्यावर पुन्हा वर आला. पण आपल्याला इतके दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या वऱ्हाडात मुली भुलाबाईची मातीची मूर्ती मांडतात, तिच्यापुढे महिनाभर गाणी म्हणतात आणि कोजागिरीनंतर ती पाण्याला देतात. अंगणातली रांगोळी दुसऱ्या दिवशीच्या सड्यात जाते. जे हातून जाणार आहे तेही मन लावून करायचे, ही रीत आपल्या आयाबहिणींना सांगावी लागत नाही. म्हणून संग्रहालयातील मार्गदर्शक तरुण जेव्हा ''ही कलाकृती आता अस्तित्वात नाही'' असे गंभीरपणे सांगत होता, तेव्हा आमच्या बायकांना त्यात नवल वाटेना. नवल वाटले ते तिचा फोटो जपून ठेवल्याचे!

केरकरांची आम्हांला सर्वांत श्रेष्ठ वाटलेली कामे मात्र याहून वेगळी आहेत. त्यांनी चिनी मातीच्या थाळ्या समुद्राच्या तळाशी ठेवल्या. काही काळाने त्या वर काढल्या, तेव्हा त्यांच्यावर कालवांनी घरे केली होती. या थाळ्यांना इतिहासाचा संदर्भ आहे. पोर्तुगीज व्यापाराच्या काळात चिनी भांडी जहाजांनी गोव्यात येत, आणि जुन्या गोव्याच्या परिसरात त्यांचे तुकडे आजही सापडतात. पण इतिहास बाजूला ठेवला तरी या थाळ्या मनात राहतात. चित्रकार येथे किती थोडे करतो! तो वस्तू निवडतो, पाण्यात ठेवतो आणि वाट पाहतो. पुढचे काम समुद्र करतो, आणि तो ते आपल्या मर्जीने करतो. कालव कुठे चिकटेल, काठ झाकेल की मध्यावर बसेल, यावर चित्रकाराची सत्ता नाही. 'गुरू' या शब्दाला या ठिकाणी खरा अर्थ येतो.

या थाळ्यांसमोर उभे असताना आम्हांला वासुदेव गायतोंडे आठवले. आईवडील गोव्याचे असले तरी गायतोंडे यांचा जन्म १९२४ सालचा, आणि तोही नागपूरचा. म्हणजे एका अर्थी ते आपले विदर्भाचेच. मुंबईत समुद्राकाठच्या भुलाभाई संस्थेत ते काम करीत आणि तासन्‌तास समुद्र पाहत बसत, असे त्यांचे स्नेही सांगत. त्यांच्या कॅनव्हासवर समुद्र कोठेही रेखाटलेला नाही. रंगाचे थर एकमेकांत मुरत जातात आणि पाहणाऱ्याला खोलीची जाणीव होते, एवढेच. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. गायतोंडे यांनी समुद्र आत घेतला आणि स्वतः गप्प झाले. केरकरांचा स्वभाव गप्प राहण्याचा नाही; ते बोलके, गोष्टीवेल्हाळ, लोकांना जमवणारे कलावंत आहेत. परंतु त्या थाळ्यांपाशी तेही गप्प होतात, आणि म्हणून त्या इतक्या बोलतात.

जेथे ते गप्प राहत नाहीत तेथे आमचे मन तितके रमले नाही. २०१७ साली साळगाव येथे त्यांनी सुमारे दीड लाख टाकाऊ प्लास्टिक बाटल्या वापरून फुलांच्या शेतासारखा एक विशाल गालिचा पसरला होता. त्यामागील हेतू स्तुत्य होता. किनाऱ्यावरच्या कचऱ्याविषयी हजार भाषणे करूनही जे साधत नाही, ते त्या गालिच्याने मुलांच्या बाबतीत साधले असेल. पण कलाकृती म्हणून विचार केला तर एक अडचण येते. घाणीचे रंगीत फूल झाले की पाहणाऱ्याला आधी आनंद होतो, अपराध मागाहून आठवतो. बहुधा आठवतच नाही. याच साळगावात त्याच्या आदल्या वर्षी राज्याचा घनकचरा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला होता. तो पाहायला सहल घेऊन कोणी गेले असेल असे वाटत नाही! थाळीवरचे कालव आपल्याला काहीच सांगत नाही, तरी त्याच्यापुढे आपण ओशाळतो. बाटल्यांचा गालिचा सर्व काही सांगतो आणि आपल्याला मोकळे करून सोडतो.

धर्मगुरू म्हणून एका कलाकृतीविषयी बोलणे आम्हांला टाळता येणार नाही. मिरी आणि क्रूस यांना केरकरांनी एकत्र आणले आहे. १४९८ साली वास्को द गामाची जहाजे कालिकतला लागली, तेव्हा कशासाठी आलात या प्रश्नाला त्याच्या माणसाने दिलेले उत्तर इतिहासात नोंदलेले आहे : ख्रिस्ती लोक आणि मसाले यांच्या शोधासाठी. या कृतीने आमच्यापैकी काहींची मने दुखावली. आमच्याही मनाला ती टोचली, हे प्रांजळपणे सांगतो. पण त्यात खोटे काय आहे? सुवार्ता आणि सौदा एकाच शिडाखाली आले, आणि ज्या समुद्राने संत फ्रान्सिस झेवियर यांना १५४२ साली गोव्याच्या धक्क्यावर उतरवले, त्यानेच तोफाही उतरवल्या. ही कृती समुद्राला निर्दोष ठरवीत नाही, नुसता सुंदरही ठरवीत नाही. म्हणून ती जलरंगातील होड्यांपेक्षा पुढची आहे.

आता आमच्या खऱ्या अडचणीकडे येतो. केरकरांनी किनाऱ्यावरील मच्छीमारांनाच आपल्या रचनांचे साधन केले. वाळूवर माणसे अशा रीतीने मांडली की त्यांच्या देहांतून होडीचा आकार उभा राहावा, आणि मग छायाचित्र घेतले. कल्पना प्रभावी आहे यात शंका नाही. होडी लाकडाची नसते, ती ओढणाऱ्या माणसांची असते, हे शब्दांवाचून कळते. आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. तेवढ्यात कालच्या त्याच आजी शेजारी येऊन उभ्या राहिल्या व म्हणाल्या, ''या मानसायचे नावं काय हायेत, फादर?''

वाचकहो, हा प्रश्न यवतमाळच्या बाईनेच विचारावा, यात आश्चर्य नाही. गेल्या पंचवीस वर्षांत कापूस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी किती घरे उघडी पाडली, ते आम्ही अंत्यविधी करताना पाहिले आहे. त्यापाठोपाठ शहरांतून कॅमेरे आले. भेगाळलेली भुई, दारात बसलेली विधवा, मागे फोटोला घातलेला हार, अशी ती चित्रे दूरदूर गेली. त्यांतली काही खरोखर उत्तम होती, आणि काढणाऱ्यांचे हेतूही चांगले होते. पण ज्या बाईचे चित्र निघाले तिच्या कर्जाचे पुढे काय झाले, हे विचारायला त्यांतले फार थोडे परतून आले. चित्र होणे म्हणजे काय, हे आमच्या लोकांना ठाऊक आहे.

गोव्याच्या मच्छीमारालाही स्वतःचा लढा आहे. किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून सगळ्या गावाने मिळून मासे धरायचे, ही रापणीची जुनी पद्धत. यांत्रिक ट्रॉलर आले आणि रापणकारांच्या जाळ्यात येणारी मासळी आटू लागली. १९७० च्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली रापणकार रस्त्यावर आले. १९८० साली सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा झाला. पुढे १९९१ साली केंद्र सरकारने किनारपट्टी नियमनाची अधिसूचना काढली आणि भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या बांधकामांवर बंधने घातली. ती कितपत पाळली गेली, हे कळंगुटच्या किनाऱ्यावर उभे राहिले की कोणालाही दिसते. या सर्व संघर्षात समुद्र राखण्यासाठी पुढे आलेली माणसे बहुतांशी हीच होती, ज्यांची होडी छायाचित्रात झाली आहे. त्यांच्या देहाचा आकार आपल्याला मिळतो. त्यांचे भांडण त्या आकारात मिळत नाही. कलावंताने मोर्चाचे चित्र काढावे असा आमचा आग्रह नाही. परंतु थाळीवर बसणाऱ्या कालवाला जे स्वातंत्र्य दिले, ते कुठे बसायचे याचे स्वातंत्र्य, या माणसांना दिले असते तर होडी कशी झाली असती? कदाचित ती वाकडी झाली असती. आम्हांला ती पाहायला आवडली असती.

एवढे सगळे लिहूनही आम्ही आमच्या तरुणांना सांगू की गोव्याला गेलात तर पिळर्णला जरूर जा. चांगला वाद घालण्याजोगा कलावंत रोज भेटत नाही. आणि कला म्हणजे चौकटीत टांगायची वस्तू, एवढेच जे शाळेत शिकले, त्यांना तेथे वेगळे काही दिसेल.

परतीच्या प्रवासात बसमध्ये आम्ही आजींना त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला. सांगितले की अडाण आणि अरुणावतीचे पाणी पैनगंगेला जाते, पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपल्या पुलावरून टाकलेली बाटलीही शेवटी समुद्रालाच पोहोचते, जरी तो समुद्र गोव्याचा नसला तरी. हेही सांगितले की वणी तालुक्यात राजूरला ज्या चुनखडीचा चुना भाजतात, ती चुनखडी सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी येथे असलेल्या समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. आजींनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले. त्यांचा विश्वास बसला की नाही, ते कळले नाही. किनाऱ्यावरून त्यांनी पदरात बांधून काही शिंपले आणले होते. परवा आजारी माणसाला कम्युनियन देण्यासाठी आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांतला सर्वांत मोठा शिंपला पानदानात दिसला. आजी त्यात चुना ठेवतात. चुना अर्थातच राजूरचा.