अर्ज आणि दावा : परराष्ट्र खात्याच्या एका पत्रकाचं वाचन

मंडळी, समीक्षा म्हटलं की ती कथा-कवितेची, असं आपण धरून चालतो. आज मी एका सरकारी पत्रकाची समीक्षा करणार आहे. दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला भारत आणि पाकिस्तान आपापल्या तुरुंगात असलेल्या एकमेकांच्या माणसांच्या याद्या देतात-घेतात. त्या दिवशी आपलं परराष्ट्र मंत्रालय एक छोटं पत्रक काढतं. १ जुलै २०२५ चं पत्रक घेऊ. पाकिस्तानने कळवलेले भारतीय मच्छीमार १९३, इतर कैदी ५३. आपल्या ताब्यातले पाकिस्तानी मच्छीमार ८१, इतर कैदी ३८२.

तुम्ही म्हणाल, कसारा घाटाच्या पायथ्याशी बसून समुद्राचं काय घेऊन बसलात? तर डहाणू-तलासरी १ ऑगस्ट २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. आपल्याकडचे कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ना, तसे तिकडचे आदिवासी तरुण ओखा-पोरबंदरकडे बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट मालकाची, दिशा तांडेल ठरवणार, आणि पाण्यावर हद्दीची रेघ काही आखलेली नसते. पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने पकडलं की मुक्काम कराचीच्या मालीर तुरुंगात. म्हणजे या यादीत आपली माणसं आहेत.

आता पत्रकाची भाषा बघा. शिक्षा पूर्ण झालेल्या १५९ मच्छीमारांना आणि कैद्यांना लवकर सोडावं, असं त्यात म्हटलंय. ज्यांना अजून आपल्या वकिलातीचा माणूस भेटलेला नाही, त्यांना भेटू द्यावं, असंही आहे. आणि सगळा विषय ‘मानवतावादी’ या सदरात टाकलाय. वाचताना वाटतं, चांगलंच आहे की. पण दोन्ही देशांनी २१ मे २००८ ला केलेला करार शेजारी ठेवून वाचा. त्यात लिहिलंय : शिक्षा संपली आणि नागरिकत्वाची खात्री झाली की एका महिन्यात परत पाठवायचं. मग शिक्षा संपलेले १५९ जण आत कसे? त्यांच्यापैकी किती जणांचा तो महिना उलटून गेलाय? पत्रक सांगत नाही. करारातल्या अटीची आठवण करून द्यायच्या जागी ते विनंती करतं.

सरकारला याहून वेगळं बोलता येत नाही का? येतं. कुलभूषण जाधवांचं प्रकरण आठवा. मूळचे सांगलीचे, नौदलातले निवृत्त अधिकारी. १० एप्रिल २०१७ ला पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावल्याचं जाहीर झालं. ८ मे रोजी भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोचला, १८ मे रोजी फाशीला स्थगिती मिळाली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला आई आणि पत्नी इस्लामाबादला भेटायला गेल्या. मध्ये काच. पत्नीचं मंगळसूत्र उतरवायला लावलं, आईला मराठीतून बोलू दिलं नाही. दुसऱ्याच दिवशी आपल्या मंत्रालयाने निवेदन काढून यावर जाहीर आक्षेप घेतला. आईला मुलाशी आपल्या भाषेत बोलता आलं पाहिजे, हे भारत सरकार जगासमोर म्हणालं. ते निवेदन मला त्या खात्याचं उत्तम लेखन वाटतं. त्यात माणूस आहे, त्याची आई आहे, तिची भाषा आहे.

१७ जुलै २०१९ ला निकाल लागला. पंधरा विरुद्ध एक अशा मतांनी न्यायालयाने ठरवलं की पाकिस्तानने १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ मोडलं. सुटका दिली नाही, शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं. पण आपल्या विषयासाठी निकालातला दुसरा मुद्दा मोलाचा आहे. पाकिस्तानचं म्हणणं होतं की २००८ च्या करारामुळे त्यांना या भेटी अडवायची मोकळीक आहे. न्यायालयाने ते मानलं नाही. तो करार व्हिएन्ना कराराला पूरक आहे, त्यातले हक्क कमी करणारा नाही. म्हणजे जाधवांसाठी जिंकलेला हा मुद्दा तलासरीच्या खलाशालाही लागू पडतो. त्याच्या पत्रकात मात्र तो मुद्दा नाही, आणि त्याच्या आईच्या वारली बोलीचा तर प्रश्नच नाही.

दुसरी बाजूही मांडतो. गुपचूप बोलून माणसं सुटतात, हे खरं आहे. २०१४ पासून २,६६१ मच्छीमार परत आले, असं हेच पत्रक सांगतं. ही लहान गोष्ट नाही. प्रत्येक खलाशासाठी हेगला जाता येणार नाही, हेही मान्य. पण मवाळ भाषेचं आणखी एक कारण मला दिसतं. जुलै २०२५ च्या त्या यादीनुसार त्यांचे ८१ मच्छीमार आपल्याकडे होते. हक्काची भाषा काढली की समोरचा तीच आपल्याला ऐकवणार. ‘मानवतावादी’ म्हटलं की दोघांचीही सोय होते. दोन्हीकडचे निवृत्त न्यायाधीश तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटायचे, अशी एक समिती २००७ मध्ये नेमली होती. तिची शेवटची बैठक ऑक्टोबर २०१३ मधली. दोन्ही देशांना तिच्यावाचून चाललंय.

इथे बसलेल्यांना हा फरक माझ्यापेक्षा चांगला कळतो. पूर्वी जमिनीसाठी वनखात्याकडे अर्ज करायचा आणि साहेबाच्या मर्जीची वाट बघायची. २००६ चा वनहक्क कायदा आला आणि ग्रामसभेपुढे दावा दाखल व्हायला लागला. दावे रखडतात, फेटाळलेही जातात, ते तुम्ही भोगलंय. पण दावा फेटाळायचा तर कारण द्यावं लागतं. अर्जाला ते बंधन नव्हतं. आपलं परराष्ट्र खातं अधिकाऱ्यासाठी दावा करतं आणि खलाशासाठी अर्ज, ही माझी तक्रार आहे. जाधवांसाठी जे केलं ते योग्यच होतं. त्यातला कणभरही कमी करा, असं मी म्हणत नाही.

मग पत्रकात काय हवं? तीन रकाने पुरेत. पकडल्यापासून वकिलातीचा माणूस भेटेपर्यंत किती दिवस गेले. शिक्षा संपून महिना उलटलेले किती. कोठडीत वारलेले किती, आणि त्यांचे मृतदेह घरी पोचायला किती दिवस लागले. आणि हेच तीन रकाने आपल्या तुरुंगातल्या त्यांच्या मच्छीमारांसाठीही भरायचे, आधी आपण. त्यासाठी पाकिस्तानची परवानगी लागत नाही.